चौकापासून डक्टपर्यंत : सातारा-सांगलीतील वाड्यांचे सदनिकांत रूपांतर आणि गाउदीचे एक उदाहरण

प्रस्तावना

सातारा शहरातील शनिवार, मंगळवार, यादोगोपाळ, व्यंकटपुरा या पेठांत आणि सांगलीच्या गावभागात गेल्या चार-पाच दशकांत एकच घटना पुन्हा पुन्हा घडत आली आहे. एका कुटुंबासाठी बांधलेला वाडा प्रथम बिऱ्हाडांत विभागला जातो, नंतर वारसांत वाटला जातो आणि अखेरीस विकसकाच्या ताब्यात जाऊन त्या जागी अपार्टमेंट उभे राहते. इमारतीच्या नावात 'वाडा' हा शब्द पुष्कळदा राहतो. दिंडी दरवाजाच्या जागी लोखंडी फाटक येते, देवडीच्या जागी वाहनतळ येतो.

या स्थित्यंतराकडे एक तर हळहळीच्या दृष्टीने पाहिले जाते किंवा अपरिहार्य प्रगती म्हणून ते स्वीकारले जाते. या दोन्ही भूमिकांत इतिहासाचा मूळ प्रश्न बाजूलाच राहतो. एका कुटुंबाच्या जुन्या घरात अनेक कुटुंबांची सोय करताना त्या घराच्या मध्यभागी असलेल्या मोकळ्या जागेचे, म्हणजे चौकाचे, काय झाले, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. याच प्रश्नाला १९०४ साली स्पेनमधील बार्सेलोना शहरात अंतोनी गाउदी या वास्तुविशारदाने वेगळे उत्तर दिले होते. ते उत्तर शेजारी ठेवून पाहिले असता आपल्याकडील उत्तराची कारणे अधिक स्पष्ट होतात.

सातारा आणि सांगली यांचा एकत्र विचार करण्यास प्रशासकीय इतिहासाचाही आधार आहे. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे दक्षिणेकडील तालुके आणि सांगली, मिरज आदी विलीन संस्थानांचा प्रदेश मिळून 'दक्षिण सातारा' जिल्हा तयार झाला. १९६० साली त्यास 'सांगली' हे नाव मिळाले. सातारा ही १७०८ साली राज्याभिषेक झालेल्या छत्रपती शाहू महाराजांची राजधानी, तर सांगली ही चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मिरजेपासून वेगळे होऊन वसवलेली राजधानी. दोन्ही नगरांत सरदार, मुत्सद्दी, सावकार, वैदिक आणि कारकून यांचे वाडे राजसत्तेच्या आश्रयाने उभे राहिले. दोन्ही ठिकाणी तो आश्रय संपल्यावर वाड्यांचे अर्थकारण पालटले.

वाड्याची घडण

वाड्याचे माप खणांत मोजले जाते. दोन खांबांमधील अंतर म्हणजे खण. दुखणी, तिखणी, पाचखणी अशी सोप्यांची नावे त्यावरून पडली. घडीव दगडाचे जोते, त्यावर सागवानी खांब, तुळया, कडीपाट, पांढऱ्या मातीच्या किंवा भाजक्या विटांच्या जाड भिंती आणि वर कौले वा माळवद अशी ही रचना होती. पावसाच्या प्रमाणानुसार तिच्यात फरक पडत असे. महाबळेश्वरच्या घाटमाथ्यावर वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर जत-आटपाडीकडे तो पाचशेच्या आसपास उतरतो. पश्चिमेकडील घरांवर त्यामुळे उतरती कौले दिसतात. माण, खटाव आणि त्यांच्या पूर्वेच्या पट्ट्यात मातीची सपाट माळवदे दिसतात. एकाच जिल्ह्यात छपराची ही दोन शास्त्रे नांदत होती.

चौकाचे कार्य याहून सूक्ष्म होते. रात्री गार झालेली हवा चौकाच्या फरशीवर बसून राही व सकाळी उशिरापर्यंत भोवतालच्या ओसऱ्या थंड ठेवी. दुपारी चौकात तापलेली हवा वर निघून जाई आणि तिची जागा भरून काढण्यासाठी देवडीतून, परसाकडून वारा आत खेचला जाई. माजघर हे वाड्यातील सर्वांत अंधारे दालन. त्यालाही चौकाकडे उघडणाऱ्या दारातून उजेड मिळे. चौकातील पावसाचे पाणी दगडी पन्हाळीने बाहेर नेले जाई. साताऱ्यात यवतेश्वर व महादऱ्याच्या डोंगरांतून खापरी नळांनी शहरातील हौदांत पाणी खेळवले होते. छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या कारकिर्दीत या व्यवस्थेकडे आणि शहराच्या रस्त्यांकडे विशेष लक्ष पुरवले गेले. घर, हौद आणि डोंगर यांचा असा सांधा जुळलेला होता.

वाड्यातील निसर्ग तुळशीवृंदावन आणि पारिजातक यांपुरता मर्यादित नव्हता. वाड्याचे लाकूडकामच वनस्पतींच्या आकारांतून घडलेले होते. वर निमुळता होत जाणारा सुरूदार खांब हा सुरूच्या झाडाचा आकार होय. तो मोगल वास्तुकलेतून मराठी सुताराच्या हाती आला आणि येथे रुळला. महिरपींच्या टोकांशी खाली झुकलेले केळफूल, खांबाच्या तळाशी कमळाच्या पाकळ्या, हस्तांवर मोर आणि पोपट ही वाड्याची परिचित अलंकरणे होत. पुण्याच्या विश्रामबागवाड्याचे १८०७ सालचे लाकूडकाम या परंपरेचा सर्वांत प्रसिद्ध नमुना ठरले. वाईजवळ मेणवली येथे कृष्णाकाठी नाना फडणविसांनी बांधलेला वाडा मात्र तुलनेने संयत आहे. तेथे लक्ष वेधून घेतात ते एकामागून एक येणारे चौक, भिंतींवरील चित्रे आणि मागचा घाट. (हा घाट २००४ च्या 'स्वदेस' चित्रपटामुळे देशभर पोहोचला. इतिहासापेक्षा चित्रपटाने एखादी वास्तू अधिक लोकांना ठाऊक व्हावी, यात खेद मानण्याचे कारण नाही.)

बार्सेलोनातील एक जुने घर

बार्सेलोनाच्या पासेच दे ग्रासिया या हमरस्त्यावरील ४३ क्रमांकाचे घर १८७७ साली बांधले गेले होते. ते त्या काळातील एक साधे, चारचौघांसारखे शहरी घर होते. जुझेप बात्यो या कापड-उद्योजकाने ते विकत घेतले तेव्हा ते पाडून नवे बांधण्याचा त्याचा मानस होता. गाउदीने पाडकामाची गरज नाही असे ठरवले आणि १९०४ ते १९०६ या काळात जुन्या सांगाड्यातच घराचा कायापालट केला. मुख्य मजला बात्यो कुटुंबाने स्वतःकडे ठेवला. वरच्या मजल्यांवर भाड्याने देण्यासाठी सदनिका केल्या. पोटमाळ्यावर धुण्या-वाळवण्याची व साठवणीची सोय केली. हे घर आज 'कासा बात्यो' या नावाने ओळखले जाते व २००५ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट आहे.

पर्यटकांची दृष्टी या घराच्या दर्शनी भागावर खिळते. हाडांसारखे दिसणारे दगडी खांब, रंगीत काच व चिनी मातीच्या तुकड्यांनी लाटांप्रमाणे चकाकणारी भिंत, मुखवट्यासारखे सज्जे आणि एखाद्या महाकाय सरड्याच्या पाठीसारखे खवलेदार छप्पर यांवरून गाउदीला 'निसर्गप्रेरित' वास्तुविशारद म्हणण्याचा प्रघात पडला. तो प्रघात चुकीचा नाही, पण अपुरा आहे. या घरातील निसर्गाचा सर्वांत गंभीर विचार रस्त्यावरून दिसतच नाही. तो घराच्या मध्यभागी आहे.

जुन्या घरात मध्ये एक अरुंद मोकळी जागा होती. गाउदीने ती रुंद केली. तिच्यावर काचेचे छत घातले आणि तिच्यातूनच जिना व उद्वाहक वर नेले. या उभ्या पोकळीच्या भिंतींना त्याने निळ्या फरशा लावल्या. वर, जेथे उजेड भरपूर असतो तेथे, निळा रंग गडद आहे व खाली येताना तो फिकट होत जातो. त्यामुळे वरचा प्रखर उजेड शोषला जातो, खालचा मंद उजेड परावर्तित होतो आणि सर्व मजल्यांवर प्रकाश सारखा भासतो. खिडक्यांचे मापही असेच ठरवलेले आहे. वरच्या मजल्यांच्या खिडक्या लहान असून खाली येताना त्या मोठ्या होत जातात. खिडक्यांखाली उघडता-मिटता येणाऱ्या लाकडी फटी ठेवून हवा खेळती ठेवली आहे. पाण्यात खोल जाताना प्रकाश कसा उणावत जातो, याचे निरीक्षण येथे उलटे वापरलेले दिसते. भाडेकरूंच्या खोल्यांना उजेड मिळावा म्हणून मालकाच्या मोक्याच्या जागेतील काही भाग कायमचा मोकळा सोडणे, असा या रचनेचा आर्थिक अर्थ होता. ज्या शहरात जमिनीचे मोल रोज वाढत होते तेथे हा निर्णय घेतला गेला, हे लक्षात घ्यावे लागते.

बार्सेलोना शहराचा इतिहास या बाबतीत निर्दोष नाही. हा भाग इल्देफोन्स सेर्दा या अभियंत्याच्या १८५९ च्या नगररचनेतून वसला. प्रत्येक चौकोनी गृहसमूहाच्या आत बाग असावी, ही सेर्दाची कल्पना होती. पुढील पिढ्यांनी त्या बागांवर बांधकामे केली. कासा बात्योतील रुंदावलेली पोकळी त्या प्रवाहाच्या विरुद्ध आहे. ती श्रीमंत आणि हौशी मालकामुळे शक्य झाली, हेही नोंदवणे आवश्यक आहे.

आपल्याकडील विभाजन

सातारा-सांगलीच्या वाड्यांच्या वाट्याला असा मालक आणि असा वास्तुविशारद का आला नाही, या प्रश्नाचे उत्तर अभिरुचीच्या अभावात शोधणे अन्यायाचे होईल. कारणे कायद्यात, शेतीत आणि वारसाहक्कात आहेत.

महात्मा गांधींच्या हत्येनंतर, १९४८ च्या फेब्रुवारीच्या आरंभी, सातारा, सांगली व कोल्हापूर परिसरात ब्राह्मणांच्या घरांची जाळपोळ झाली. त्यात अनेक वाडे जळाले आणि पुष्कळ कुटुंबे गावे सोडून शहरांकडे गेली. त्याच वर्षी मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम संमत झाला आणि १ एप्रिल १९५७ या 'कृषक दिनी' कुळे जमिनीची मालक झाली. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने ही सुधारणा अत्यावश्यक होती. तथापि ज्या वाड्यांची डागडुजी शेतीच्या खंडावर चालत असे, त्यांचे उत्पन्न तिने थांबवले. मग उरलेले उत्पन्न म्हणजे बिऱ्हाडकरूंचे भाडे.

ते भाडेही गोठलेले होते. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हे प्रमाण मानले. पंधरा-वीस रुपये भाड्यात कौले परतणेही परवडेनासे झाले. १९९७ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने हे गोठवणे काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे मत दिले आणि ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली. परंतु मूळ रक्कमच नगण्य असल्याने ४ टक्क्यांना अर्थ उरला नव्हता. घरमालक दुरुस्ती करीत नव्हता, कारण त्यात त्याला तोटा होता. भाडेकरूही ती करीत नव्हता, कारण घर त्याचे नव्हते. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते आणि वाडा गळत होता.

यात ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाची भर पडली. पाटण तालुक्यातील कोयनानगर परिसरात पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली आणि मातीच्या भिंतींविषयी सर्व जिल्ह्यात धास्ती बसली. वस्तुतः वाड्याच्या आतील भार बव्हंशी लाकडी खांब-तुळयांवर असतो आणि हा सांगाडा धक्क्यात लवतो. ढासळतात त्या मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती. हा भेद लोकांच्या मनात फारसा राहिला नाही आणि 'मातीचे' म्हणजे धोक्याचे हे समीकरण रूढ झाले.

दरम्यान १९६३ चा मालकीहक्काच्या सदनिकांचा कायदा आणि १९७० चा महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायदा यांनी एका भूखंडावर अनेकांची मालकी शक्य केली. सहा-सात वारसांत वाड्याची वाटणी करणे जवळजवळ अशक्य असते. चौक कोणाचा, जिना कोणाचा, विहीर कोणाची, हे वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत. सदनिका मात्र चौरस फुटांत वाटता येते. वाड्याच्या जागी अपार्टमेंट येण्याचे सर्वांत साधे स्पष्टीकरण बहुधा हेच असावे.

चौकाचे डक्ट

चौरस फुटांच्या या हिशेबात चौकाला किंमत नव्हती. भूखंडावर किती बांधकाम करता येईल हे चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे रूढ भाषेत एफएसआय, ठरवतो. मोकळी जागा विकता येत नाही आणि पेठेतील अरुंद, खोल भूखंडावर ती मध्यभागी ठेवल्यास खोल्यांची मांडणी अडचणीची होते. दाटवस्तीच्या भागात बाजूच्या अंतरांबाबत नियम सैल असल्याने इमारत शेजारच्या भिंतीला भिडते. अशा वेळी मधल्या खोल्यांना हवा-उजेड देण्यासाठी नियमाने किमान मापाची उभी पोकळी ठेवावी लागते. तिलाच बोलीभाषेत 'डक्ट' म्हणतात. न्हाणीघर आणि शौचालयांच्या खिडक्या तिच्यात उघडतात व सांडपाण्याचे नळ तिच्यातून उतरतात. तिच्या तळाशी कोणी जात नाही.

भूमितीच्या दृष्टीने पाहता डक्ट हा चौकाचाच वंशज आहे. दोन मजली वाड्यातील ऐसपैस चौकाची रुंदी भोवतालच्या भिंतींच्या उंचीला बऱ्याच अंशी तुल्य असे, म्हणून तळापर्यंत ऊन पोचे. पाच मजली इमारतीतील अरुंद डक्टमध्ये हे प्रमाण इतके बिघडते की पहिल्या मजल्यावर दिवसाही दिवा लावावा लागतो. याच बिघडलेल्या प्रमाणावर गाउदीने फिकट होत जाणारा रंग, मोठ्या होत जाणाऱ्या खिडक्या आणि रुंदी वाढवणे असे तीन उपाय योजले होते. त्यांपैकी पहिल्या दोहोंना फारसा खर्च येत नाही आणि एफएसआयही खर्ची पडत नाही. तरीही आपल्या बांधकाम-व्यवहारात ते दिसत नाहीत. डक्ट हा राहण्याच्या जागेचा भाग आहे, असे मालक, विकसक आणि नकाशा मंजूर करणारी यंत्रणा यांपैकी कोणीच मानत नाही. कायद्यांना आणि वारसाहक्काला दोष देऊन झाल्यावरही एवढी उणीव शिल्लक राहतेच.

वाड्याचे नवे उपयोग

वाड्यांचा नवा उपयोग करणे ही येथे अपरिचित गोष्ट नव्हती. १८४८-४९ मध्ये सातारचे राज्य खालसा झाल्यानंतर राजवाड्यांत न्यायालय आणि शाळा आल्या. जुन्या राजवाड्यातील सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याचे नाव दाखल झाले. हीच शाळा पुढे प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली गेली. ज्या वास्तूत त्याच्या पूर्वजांना देवडीपलीकडे प्रवेश मिळणे कठीण होते, तिचा वापर बदलल्यामुळे तिचे दार उघडले. आत मात्र त्याला वर्गमित्रांपासून वेगळे, स्वतःच्या गोणपाटावर बसावे लागे. वास्तूचा उपयोग पालटला तरी वर्तन पालटतेच असे नाही.

चौकाविषयी लिहिताना हे विसरून चालत नाही. ज्या चौकाच्या गारव्याचे गोडवे गायले जातात, त्याच्या ओसरीवर कोणी बसावे आणि कोणी परसदारी थांबावे हे जातीने ठरत असे. केशवपन केलेल्या विधवेचे आयुष्य त्याच वाड्याच्या अंधाऱ्या माजघरात सरत असे. सदनिकेतील स्त्रीला स्वतःचे दार आणि स्वतःचे स्वयंपाकघर मिळाले, हा लाभ लहान नव्हता. वाड्यातील सर्व काही राखावे असा आग्रह त्यामुळे टिकत नाही. चौकाचे वास्तुशास्त्र राखण्यासाठी चौकाची समाजरचना राखावी लागत नाही, एवढेच कासा बात्योच्या भाडेकरूंच्या खिडक्यांवरून म्हणता येते.

सांगलीचा पूर आणि जुने जोते

सांगलीत या चर्चेला आणखी एक परिमाण आहे. गावभाग हा कृष्णेच्या काठी वसलेला जुना भाग. २००५ चा पूर स्मरणात असतानाच ऑगस्ट २०१९ मध्ये १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी ५७ फुटांच्या वर गेली आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पूर आला. अशा वेळी मातीच्या भिंती पाणी पिऊन फुगतात आणि ओसरल्यानंतर, वाळताना, ढासळतात. जुन्या वाड्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ही वस्तुस्थिती टाळू नये. परंतु वाड्याचे उंच दगडी जोते हाही पुराच्या अनुभवातूनच आलेला उपाय होता. खांबांवर उचललेल्या नव्या इमारती हीच गोष्ट सिमेंटमध्ये करतात. त्यांचा तळमजला वाहनांसाठी मोकळा असतो आणि पुराचे पाणी त्यातून वाहून जाते. जोते उंच ठेवून, लाकडी सांगाडा शाबूत राखून, खालच्या भागातील मातीच्या भिंती तेवढ्या बदलल्या तर नदीकाठच्या वाड्यातही सदनिका करता येऊ शकतील. अशा कामाला तोडणी-बांधणीपेक्षा अधिक कुशल सुतार व गवंडी लागतात, आणि ते आता दुर्मीळ होत चालले आहेत.

मोठ्या शहरांत वारसा-वास्तूच्या मालकास न वापरलेला बांधकाम-हक्क अन्यत्र विकण्याची, म्हणजे टीडीआरची, सोय उपयोगी पडते. सातारा आणि सांगलीसारख्या मध्यम शहरांत त्याचा बाजार मर्यादित असल्याने चौक मोकळा ठेवणाऱ्या मालकाच्या पदरात फारसे पडत नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्यातील बहुतेक शहरांसाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. अशा नियमावलीत दाटवस्तीतील जुना चौक जसाच्या तसा राखणाऱ्या पुनर्बांधणीला वेगळी सवलत देणे अशक्य नाही. मालमत्ता करातील सूट नगरपालिका स्वतःही देऊ शकतील. यांपैकी काहीही होण्याआधी कोणत्या पेठेत किती चौक शिल्लक आहेत याची नोंद व्हायला हवी. ही नोंद करणे महाविद्यालयांच्या इतिहास आणि भूगोल विभागांना सहज शक्य आहे. सिटी सर्व्हेच्या जुन्या नकाशांवर घराच्या मध्यभागी दाखवलेली मोकळी जागा आणि आजची जागेवरची स्थिती यांची तुलना करण्यास एका पेठेसाठी एक शैक्षणिक वर्ष पुरेसे आहे.